फंक्शन वाचता आलं पाहिजे: एका मेंटेनन्स बिलाची दुरुस्ती

आमच्या सोसायटीचं दर महिन्याचं मेंटेनन्स बिल एका पायथन प्रोग्रॅममधून निघतं. ८४ फ्लॅट आहेत, त्यातल्या नऊ फ्लॅटांत भाडेकरू राहतात. प्रोग्रॅम मी लिहिलेला नाही, पण तो सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. एका रात्री साडेदहाला खजिनदारांचा फोन आला. एका फ्लॅटचं बिल किती होतंय, एवढंच त्यांना हवं होतं. मी 'बिल' नावाचं फंक्शन चालवलं आणि आलेली रक्कम सांगितली. पाच मिनिटांनी त्या फ्लॅटच्या मालकांचा फोन: महिना संपायच्या आत बिल कसं पाठवलंत, आणि थकबाकी एवढी कशी वाढली? फंक्शनने रक्कम काढली होती, बिल छापलं होतं, मेल पाठवला होता आणि थकबाकीच्या खात्यात भरही घातली होती. नावावरून यातलं काहीच कळत नव्हतं.

ते फंक्शन मी पुढच्या दोन रविवारी नीट केलं. ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने इथे सांगतो. मूळ फंक्शन १४० ओळींचं होतं, गाभा एवढाच:

डेफ बिल(स, भ, च):
    र = १८०० + स.न * १७५ + २५० + ७५०
    इफ भ:
        र = र + र * ०.१
    इफ स.थ > ०:
        इफ च:
            इफ (आज() - स.ता).डेज > ३०:
                र = र + स.थ * ०.२१ / १२
    छाप(स, र)
    मेल(स, र)
    स.थ = स.थ + र
    रिटर्न राउंड(र)

पायथनच्या ३.० आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २००८ पासून, फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. डेफ, इफ, रिटर्न हे भाषेचे स्वतःचे शब्द आणि कोडमधले आकडे मात्र रोमन कीबोर्डानेच टाइप करावे लागतात. इथे छापताना तेही देवनागरीत घेतले आहेत.

१. आजची उत्तरं आधी लिहून ठेवा

चालू असलेलं फंक्शन आवरायला घेताना पहिला मोह होतो तो सगळं पुसून नव्याने लिहायचा. तो आवरा. फंक्शन आज काय उत्तर देतं याची नोंद आधी करा, ते उत्तर चूक वाटलं तरी. मायकेल फेदर्स यांनी जुन्या कोडवरच्या २००४ च्या पुस्तकात यावर फार भर दिला आहे आणि मला ते पूर्णपणे पटलेलं आहे.

मी मेल आणि छपाईच्या दोन ओळी तात्पुरत्या बंद केल्या, खऱ्या डेटाची एक प्रत घेतली आणि चार सदस्य निवडले: मालक राहतो व थकबाकी नाही, मालक राहतो व थकबाकी आहे, भाडेकरू आहे व थकबाकी नाही, भाडेकरूही आहे आणि थकबाकीही. पहिल्याचं उत्तर ३,१५०, तिसऱ्याचं ३,४६५. थकबाकी असलेल्या दोघांची उत्तरंही कागदावर टिपली आणि चारही टेस्टमध्ये घातली. यापुढे प्रत्येक बदलानंतर टेस्ट चालवायची. उत्तर हललं तर शेवटचा बदल मागे घ्यायचा.

नवीन फंक्शन लिहीत असाल तर हे उलट्या दिशेने करा: कोडच्या आधी हाताने दोन-तीन उदाहरणं सोडवा. ६,००० रुपये थकबाकी, वर्षाला २१ टक्के सरळव्याज, एक महिना, म्हणजे १०५ रुपये. हे उदाहरण हाताशी असलं की फंक्शनला काय काय लागणार तेही लगेच दिसतं.

२. काम मराठीत एका वाक्यात सांगा आणि 'ऊन' मोजा

फंक्शनच्या कामाचं वर्णन करताना 'आणि' आला तर त्याचे दोन भाग करावेत, असा सल्ला प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांत सापडतो. मराठीत तो थोडा वेगळा वापरावा लागतो, कारण बोलताना आपण 'आणि' वाचवतो. आपण म्हणतो: 'रक्कम काढून, बिल छापून, मेल पाठवून थकबाकी वाढवायची.' एकही 'आणि' नाही, पण कामं चार आहेत. म्हणून मी 'ऊन' मोजतो. तीन 'ऊन' आणि शेवटचं क्रियापद, झाली चार.

प्रत्येक 'ऊन' तोडायलाच हवा असं नाही. 'फाइल उघडून वाचायची' यातला 'उघडून' स्वतंत्र काम नाही, कारण नुसती उघडलेली फाइल कोणाच्याच उपयोगाची नसते. कसोटी अशी: 'ऊन'च्या आधीचं काम एकटं कोणाला हवं असेल का? खजिनदारांना रक्कम हवी होती, मेल नको होता. म्हणजे 'काढून' तोडायला हवा.

हे वाक्य मनात म्हणून भागत नाही. कागदावर उतरवा. मनात म्हटलेलं वाक्य नेहमी आहे त्यापेक्षा सुबक वाटतं.

३. नाव त्या वाक्यातूनच उचला

वाक्य एका क्रियापदाचं झालं की नाव शोधावं लागत नाही, ते त्यातच असतं. 'थकबाकीवरचं व्याज काढायचं', म्हणून थकबाकीवरचं_व्याज. फंक्शन उत्तर परत देत असेल तर त्या उत्तराचं नाव द्या. ते काही घडवून आणत असेल तर क्रियापद द्या: बिल_मेल_करा. हो-नाहीत उत्तर देत असेल तर प्रश्न विचारा: मुदत_टळली_का. ही तीन रूपं पाळली की नुसत्या नावावरून कळतं, हे फंक्शन निर्धास्तपणे चालवून बघता येईल की त्याने बाहेर काही घडणार आहे.

प्रोसेस, हँडल, मॅनेज, डेटा, टेम्प या शब्दांना माझ्याकडे थारा नाही. ते कुठल्याही फंक्शनला लागू पडतात, म्हणजे कशाबद्दलच काही सांगत नाहीत.

नोकरीतल्या कोडमध्ये नावं इंग्रजीतच द्यावी लागतात, कारण तो कोड चेन्नईची सहकारीही वाचणार असते. तिथेही वाक्य आधी मराठीत लिहा आणि मग त्यातलं नेमकं क्रियापद इंग्रजीत न्या. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी असं रोमन लिपीतलं जोडनाव मात्र करू नका. दर वेळी त्याचं स्पेलिंग वेगळं होतं आणि शोधायला गेलं की सापडत नाही. सोसायटीच्या प्रोग्रॅममध्ये मी नावं देवनागरीत ठेवली, कारण तो वाचणारे सगळे मराठी वाचणारे आहेत. त्याचा उपयोग कसा झाला ते शेवटी सांगतो.

४. आत काय जातं ते दारावरच दिसू द्या

फंक्शनचं उत्तर ज्या ज्या गोष्टींवर ठरतं त्या कंसात दिसल्या पाहिजेत. जुन्या फंक्शनमध्ये एक गोष्ट लपलेली होती: आज(). तारीख फंक्शन स्वतःच घड्याळातून घेत होतं. त्यामुळे पहिल्या रविवारी पास झालेली टेस्ट दुसऱ्या रविवारी नापास झाली आणि मी अर्धा तास माझ्याच बदलात चूक शोधत बसलो. तारीख बाहेरून द्या. फंक्शनला 'आज' कळायची गरज नसते, 'कोणत्या तारखेला' एवढं कळलं की पुरतं.

दुसरी गोष्ट 'च'. व्याज लावायचं की नाही याची ती खूण होती. बोलावणारी ओळ अशी दिसायची: बिल(स, ट्रू, फॉल्स). यातला ट्रू कशाचा आणि फॉल्स कशाचा, हे फंक्शन उघडल्याशिवाय कोण सांगणार? अशी हो-नाहीची खूण आत पाठवली की एका नावाखाली दोन फंक्शनं नांदायला लागतात. मी खूण काढून टाकली. व्याज ज्याला हवं तो व्याजाचं फंक्शन बोलावेल, नको तो बोलावणार नाही. खूण ठेवणं भागच असेल तर पायथनमध्ये कंसात एक तारांकन टाका. त्याच्या पुढच्या गोष्टी नाव घेऊनच द्याव्या लागतात, आणि मग निदान भाडेकरू=ट्रू असं वाचायला तरी मिळतं.

कंसात चारहून जास्त गोष्टी झाल्या तर थांबा. एक तर फंक्शन फार कामं करतंय, नाही तर त्या गोष्टी मिळून एक वस्तू होते आणि तिला अजून नाव मिळालेलं नाही.

५. नकार आधी द्या

जुन्या कोडमध्ये व्याजाची ओळ तीन इफच्या पोटात होती. तिथे पोचेपर्यंत वाचणाऱ्याला तीन अटी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. उलटं करा. ज्यांना व्याज लागत नाही त्यांना दारातूनच परत पाठवा:

डेफ थकबाकीवरचं_व्याज(थकबाकी, उशिराचे_दिवस):
    इफ थकबाकी <= ०:
        रिटर्न ०
    इफ उशिराचे_दिवस <= सवलतीचे_दिवस:
        रिटर्न ०
    रिटर्न थकबाकी * वार्षिक_व्याजदर / १२

आता शेवटची ओळ वाचताना डोक्यात काही धरायला लागत नाही. एका फंक्शनमधून बाहेर पडायची वाट एकच असावी, असं जुनी मंडळी सांगतात. उघडलेली फाइल किंवा घेतलेली मेमरी हाताने परत करावी लागते अशा भाषांत त्या सांगण्याला अर्थ होता आणि आजही आहे. पायथनच्या छोट्या हिशेबी फंक्शनला तो नियम लावू नये.

सवलतीचे_दिवस आणि वार्षिक_व्याजदर ही नावंही पाहा. आधी तिथे ३० आणि ०.२१ होते. ०.२१ हा आकडा आमच्या सोसायटीच्या उपविधींतून आला आहे: थकबाकीवर वर्षाला २१ टक्के सरळव्याज. प्रोग्रॅममध्ये तो चार ठिकाणी लिहिलेला होता. उद्या सर्वसाधारण सभेने दर कमी केला तर चारपैकी एक जागा राहून जाणारच. आकडा एकदाच लिहा, फाइलीच्या वर, नाव देऊन.

६. हिशेब वेगळा, करणी वेगळी

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या. माझा तरी अर्ध्याहून जास्त वेळ इथे गेला.

फंक्शनं दोन जातींची असतात. एक जात विचारल्याचं उत्तर देते आणि जगात काही हलवत नाही. दुसरी जात काहीतरी घडवते: मेल जातो, फाइल लिहिली जाते, खात्यातली रक्कम बदलते. आयफेल ही भाषा घडवणारे बर्ट्रांड मायर यांनी नियम घालून दिला, की एका फंक्शनने यातलं एकच करावं. प्रश्न विचारल्याने उत्तर बदलता कामा नये. रात्री साडेदहाला मी प्रश्न विचारला होता आणि खातं बदललं होतं.

करणी कुठली ते ओळखायला सोपी युक्ती आहे. स्वतःला विचारा: हे फंक्शन लागोपाठ दोनदा चालवलं तर काही बिघडेल का? बिघडत असेल तर ती करणी. जुनं 'बिल' दोनदा चालवलं की थकबाकी दोनदा वाढायची.

मी चार तुकडे केले. महिन्याचं_बिल फक्त रक्कम देतं. बिल_छापा, बिल_मेल_करा आणि खात्यात_नोंदवा या तीन करण्या आहेत. सगळ्यांना क्रमाने बोलावणारं एक फंक्शन अगदी वरच्या थरावर ठेवलं, महिन्याचं_काम_चालवा. महिन्यातून एकदा तेच चालतं. खजिनदार विचारतील तेव्हा मी फक्त पहिलं चालवतो.

हे करताना 'स.थ = स.थ + र' या ओळीपाशी अडलो. 'र' मध्ये व्याजही धरलेलं होतं. म्हणजे या महिन्याचं व्याज पुढच्या महिन्याच्या थकबाकीत मिसळत होतं आणि त्यावर पुन्हा व्याज लागत होतं. उपविधी सरळव्याज म्हणतात, प्रोग्रॅम चक्रवाढ लावत होता. १४० ओळींत हे कोणाला दिसलं नव्हतं, मलाही नाही. हिशेब आणि नोंद वेगळे झाल्यावर नोंदीच्या फंक्शनमध्ये दोन रकमा शेजारी शेजारी आल्या आणि मुद्दल कुठली, व्याज कुठलं, हे लिहिणं भाग पडलं.

अशी चूक सापडली की ती आवरताना सोबत दुरुस्त करू नका. वहीत टिपा, आवरण्याचं काम पुरं करा, टेस्टची जुनी उत्तरं जुळवा, आणि मग चूक वेगळी दुरुस्त करून टेस्टमधलं अपेक्षित उत्तर जाणीवपूर्वक बदला. दोन्ही कामं एका दमात केली, तर उत्तर बदलल्यावर ते दुरुस्तीने बदललं की हातून नवीन काही मोडलं, हे कळायला मार्ग उरत नाही.

७. पैशाचं गोलाकरण

हे सगळ्या फंक्शनांना लागू नाही, पण बिल लिहिणाऱ्याला टाळता येत नाही. पायथनचं राउंड बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याकडे वळतं. ६,६०० रुपयांवर महिन्याचं व्याज ११५.५०, त्याचे ११६ होतात. ६,२०० वर १०८.५०, त्याचे १०८ होतात. शेजारीशेजारी राहणाऱ्या दोघांपैकी एकाचे पन्नास पैसे वर गेले आणि दुसऱ्याचे खाली. दोघंही बिलं जोडून बघतात. शिवाय दशांशातले आकडे संगणक द्विमान पद्धतीत साठवतो, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. पैशासाठी डेसिमल मॉड्यूल वापरा किंवा सगळा हिशेब पैशांत, पूर्णांकांत ठेवा. अर्धा नेहमी वर न्यायचा हा नियम डेसिमलला स्पष्ट सांगता येतो. आणि गोलाकरण एकाच ठिकाणी करा, अगदी शेवटी, रुपयांत_गोल अशा नावाच्या फंक्शनमध्ये.

८. किती छोटं?

यावर जाणत्यांत एकमत नाही. रॉबर्ट मार्टिन यांचं 'क्लीन कोड' हे २००८ चं पुस्तक फंक्शनं फार छोटी, अगदी चार ओळींच्या आसपास असावीत अशा मताचं आहे. स्टॅनफर्डचे जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१८ च्या पुस्तकात नेमका उलटा इशारा दिला: फार तुकडे केले की एक गोष्ट समजून घ्यायला दहा ठिकाणी उड्या माराव्या लागतात. लिनक्स कर्नलच्या लेखनशैलीच्या नियमांत फंक्शन एक-दोन स्क्रीनमध्ये मावावं असं म्हटलं आहे, आणि स्क्रीन धरली आहे ८० अक्षरं रुंद, २४ ओळी उंच.

मी ऑस्टरहाउट यांच्या बाजूचा आहे. ओळी मोजू नका. तुकडा वेगळा काढल्यावर त्याला स्वतःचं, न अडखळता सांगता येणारं नाव मिळतं का, ते पाहा. पाणीपट्टी(नळ) हे एका ओळीचं फंक्शन मी ठेवलं, कारण नळांच्या संख्येवर पाणी आकारायचं हा उपविधींचा स्वतंत्र नियम आहे. बिल_भाग_दोन असं नाव सुचत असेल तर तो तुकडा होता तिथेच बरा.

तुकडे केल्यावर मुख्य फंक्शन असं उरलं (बिनभोगवटा शुल्क म्हणजे भाड्याने दिलेल्या फ्लॅटला लागणारं शुल्क):

डेफ महिन्याचं_बिल(सदस्य, दिनांक):
    एकूण_शुल्क = सेवाशुल्क + पाणीपट्टी(सदस्य.नळ) + सिंकिंग_फंड + दुरुस्ती_निधी
    बिनभोगवटा = बिनभोगवटा_शुल्क(सदस्य, एकूण_शुल्क)
    व्याज = थकबाकीवरचं_व्याज(सदस्य.थकबाकी, उशिराचे_दिवस(सदस्य, दिनांक))
    रिटर्न रुपयांत_गोल(एकूण_शुल्क + बिनभोगवटा + व्याज)

चारही ओळी एकाच उंचीवरून बोलतात. नळाला १७५ रुपये का, दिवस कसे मोजले, ही बारीक बाब कुठेही मधे येत नाही. एका ओळीत सोसायटीचा नियम आणि पुढच्या ओळीत तारखेची वजाबाकी असं झालं, की वाचणारा ठेचकाळतो.

९. कॉमेंट कारणासाठी

'व्याज काढतो' अशी कॉमेंट व्याज काढणाऱ्या ओळीवर नको. कोड काय करतो ते कोडने सांगावं. कॉमेंटने तसं का केलं ते सांगावं, कारण ते कोडमध्ये लिहायला दुसरी जागा नसते: 'उपविधीनुसार सरळव्याज, म्हणून आधीचं व्याज थकबाकीत मिसळलेलं नाही.' एवढी एक ओळ पुढच्या माणसाला माझीच दुरुस्ती उलटी फिरवण्यापासून अडवेल.

१०. दुसऱ्याला वाचायला द्या, समजावू नका

शेजारी बसून 'म्हणजे इथे काय होतं ना…' असं सुरू केलंत तर ही पायरी वाया गेली. कागद हातात द्या आणि गप्प बसा. वाचणारा जिथे थांबतो तिथलं नाव चुकलेलं असतं.

मी मुख्य फंक्शनची छापील प्रत खजिनदारांना दिली. ते बँकेतून निवृत्त झालेत, प्रोग्रॅमिंगशी त्यांचा संबंध नाही. पहिली ओळ त्यांनी सरळ वाचली. दुसऱ्या ओळीवर पेन्सिल थांबली. "बिनभोगवटा शुल्क एकूण शुल्कावर कसं? ते फक्त सेवाशुल्कावर असतं." त्यांचं बरोबर होतं. भाड्याने दिलेल्या फ्लॅटला हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी आणि पाणीपट्टी त्यात धरायची नव्हती. १,८०० चे १० टक्के १८० होतात. आम्ही ३,१५० चे १० टक्के, ३१५ घेत होतो.

'र = र + र * ०.१' ही ओळ मी डझनभर वेळा वाचली होती. तिच्यात चूक दिसायला जागाच नव्हती. नावं दिल्यावर ती चूक प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत दिसली.

फंक्शनच्या कंसातून एकूण_शुल्क काढलं, टेस्टमधलं ३,४६५ खोडून ३,३३० लिहिलं. प्रोग्रॅम दोन वर्षं चालू होता. पुढच्या महिन्याच्या बिलात भाडेकरू असलेल्या नऊ फ्लॅटांच्या मालकांना प्रत्येकी ३,२४० रुपये जमा दाखवले, एकूण २९,१६०.